हाडाचे फासे

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

हरलो. वर बोलणीही खाल्ली!

मानसिंग हवालदार चहाच्या आधीच सुरू झाले. "नईम्या, तोफा असून टेकडीमागं लपून बसलास. असला भित्रा कमांडर मी फौजेतल्या अख्ख्या नोकरीत बघितला न्हाई." खरंच आहे ते. बारा वर्षं दर रविवारी ते आष्ट्याहून एसटीनं मिरजेला येतात, आणि माझ्या सतारीच्या कारखान्यात आम्ही पाटावर लढाई मांडतो. इंचभर उंचीचे, मीच कोरलेले लाकडी शिपाई, पुठ्ठ्याच्या टेकड्या. त्यांची पलटण ते डब्यात घालून घरी नेतात. नियम आमचे आम्हीच केलेत. फासा पाटाबाहेर गेला तर धरायचा नाही. आणि मोठा नियम हवालदारांचा — डाव संपला की एकमेकांच्या खेळाबद्दल खरं ते तोंडावर सांगायचं. गोड बोलणाऱ्याशी पुन्हा खेळायचं नाही!

९ फेब्रुवारी

फासा त्यांच्या पुढ्यात पडला आणि त्यांनी मला विचारलं, "किती रं?"

साखरेनं डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरलंय म्हणे. उजवा गेल्यातच जमा, डाव्याचाही भरवसा नाही. "आवं, मग आधी का नाही बोललात?" तर म्हणाले, "आधी डाव तर हू दे." शिपाई चाचपून ओळखतात. घोडेस्वार, तोफ, पायदळ — एकही चुकले नाहीत. फासे मी वाचायचे ठरलं. "तू वाच. तू खोटं बोलणार न्हाईस."

फासेही माझ्याच हातचे. सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीसाठी आणलेलं हाड उरलं होतं, ते घासून ड्रिलनं ठिपके पाडले होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मी खोटं बोललो.

त्यांची शेवटची तुकडी ओढ्यात अडकलेली. फाशावर दोन पडले. मी पाच सांगितले! कसं तोंडातून गेलं कळलंच नाही. एकदा गेलं, मग जातच राहिलं. एकाचे चार केले, तिनाचे सहा. हवालदार दर वेळी फासा उचलायच्या आधी त्यावर हळूच बोट फिरवायचे. म्हटलं, लाड चाललेत. माझीच पलटण कापत सुटले आणि जिंकले. पण हसले नाहीत.

"बोल, कसा खेळलो?"

"झकास! लय भारी, हवालदार."

"बरं," म्हणाले. चहा घेतलाच नाही. स्टँडवर एसटीत चढवायला हात पुढे केला, तर तोही झटकला.

१८ फेब्रुवारी

शिफाला सगळं सांगितलं. मला वाटलं, बायको म्हणेल, चांगलं केलंत. ती म्हणाली, "त्यांनी मागितलं होतं का?" तिच्यावरच खेकसलो. अरे, डोळे चाललेत माणसाचे! एक डाव दिला तर काय बिघडलं?

मग जेवण का जात नाही मला?

२३ फेब्रुवारी, रविवार

पाट मांडून बसलो. आले नाहीत. फोनही उचलत नाहीत.

२४ फेब्रुवारी

ठरवलं. येत्या रविवारी आष्ट्याला जायचं आणि तोंडावर सांगायचं — हवालदार, तुम्ही हरला होता.

२७ फेब्रुवारी

बनुबाई आल्या होत्या, हवालदारांच्या घरच्या. औषधं न्यायला आल्या आणि जाता जाता बिस्किटाचा पत्र्याचा डबा ठेवून गेल्या. त्यांची सगळी पलटण परत आलीय, फडक्यात एकेक गुंडाळून.

"त्येनी सांगितलंय, नईमला म्हणावं, दोनाचं पाच केलंस. ठिपकं बोटाला कळत्यात. डोळं गेलं तवा मी रडलो न्हवतो."

त्या गेल्यावर फासा टाकला. डोळे मिटून बोट फिरवलं. दोन होते. लगेच कळले.