पंप बंद करणाऱ्या मुलीच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, अभियांत्रिकी महाविद्यालयातील फ्लुइड मेकॅनिक्सच्या प्रयोगशाळेची निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरबाईंनी दिला आहे. गुडघ्यांचा दाखला मी मागितला नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात सर्व काही मुलाला दिले होते, ते आजपासून रद्द समजावे.

१. राहते घर. हे घर मी माझ्या पगारातून घेतले, त्यामुळे ते कोणाला द्यावे हे ठरवण्याचा अधिकार माझा एकटीचा आहे. ते मी माझ्या सुनेला देत आहे. मुलाचा आणि तिचा घटस्फोट झाल्यामुळे वकिलांनी मसुद्यात "पूर्वीची सून" असे लिहिले होते. "पूर्वीची" मी खोडले.

"बाई, कायद्याने ती आता तुमची कोणी लागत नाही," वकील म्हणाले.

"मग कायद्याला सांगा, रोज माझ्या डोळ्यांत औषध घालायला येत जा."

"बरं, पण कारण तरी लिहा. उद्या मुलगा कोर्टात गेला तर?"

म्हणून कारण लिहिते, आणि हात आखडता न घेता लिहिते.

२. कारण. सून होण्याआधी ती माझी विद्यार्थिनी होती. प्रात्यक्षिक परीक्षा चालली होती. प्रयोग अगदी साधा. पंपाने पाणी पाइपातून मोजटाकीत सोडायचे, टाकीचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि बाजूच्या काचनळीत पाणी एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत चढायला किती वेळ लागतो तो स्टॉपवॉचवर घ्यायचा. साठलेले पाणी भागिले वेळ, झाला प्रवाहाचा दर. बाहेरून आलेल्या परीक्षकांना घरी जायची घाई होती. हिची पाळी आली. हिने पंपाकडे पाहिले, खाली पाहिले आणि जागच्या जागी थांबली.

"सर, मोटारीखाली पाणी आलंय. मी आधी मेन स्विच बंद करते."

"अगं, पाण्याची लॅब आहे, पाणी असणारच. चल, रीडिंग घे."

"नाही सर. आणि तुम्हीही मागे या. मोटारीला हात लावू नका."

परीक्षक मोटारीवर हात टेकवण्याच्या बेतात होते. ती कोरड्या बाजूने भिंतीपर्यंत गेली आणि मेन बंद केला. पंपाची घरघर थांबली तशी सगळी प्रयोगशाळा वळून बघू लागली. परीक्षकांनी तिच्या नावापुढे शून्य मांडले. मी इलेक्ट्रिशियनला बोलावून मोटार उघडायला लावली. आतली वायर सोलवटून पत्र्याला टेकली होती, आणि अर्थिंग तुटलेले होते. तो परीक्षकांकडे बघून म्हणाला, "साहेब, हात टेकला असता तर चिकटलाच असता."

ते शून्य मी भांडून खोडायला लावले. धोका हेरणारा डोळा तयार करता येतो, तो मी पुष्कळांचा केला. पण गुण हातात असलेल्या माणसासमोर आवाज न चढवता "नाही" म्हणणे मी कोणाला शिकवू शकले नाही. ते तिच्यात होते, आणि त्या दिवसापासून ती मला मनापासून आवडली.

३. प्रयोगशाळा. आज ती प्रयोगशाळा तीच चालवते, माझ्यापेक्षा चांगली. फरशी पुसल्याशिवाय पंप लागत नाही, केस बांधल्याशिवाय कोणी टाकीपाशी जात नाही. एकजण काचनळी बघतो, दुसरा घड्याळ, आणि तिसऱ्याला ती मेन स्विचपाशी उभे करते. मी एकदा गेले होते तेव्हा एक मुलगी कुरकुरत होती, "मी काय नुसतं उभंच राहायचं?" ही म्हणाली, "तू उभी आहेस म्हणून ते दोघं निवांत मोजतायत. त्यालाही मार्क आहेत." मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. माझ्या ठेवींपैकी अर्ध्या रकमेतून तिथल्या प्रत्येक पंपाला गळतीचा करंट पकडून वीज तोडणारा स्विच बसवावा.

४. वरील परीक्षक. प्रयोगशाळेत घालायच्या आमच्या रबरी बुटांना ते त्या दिवशी हसले होते. माझे बूट त्यांना पोचते करावेत. होणार नाहीत, पण बघून आठवण तरी होईल.

५. मुलगा. उरलेल्या ठेवी आणि त्याच्या वडिलांच्या सर्व वस्तू त्याच्या. तो वाईट नाही, उतावळा आहे. लहानपणी नळ पूर्ण सोडायचा आणि मग बादली शोधायचा. लग्नही तसेच केले, तसेच मोडले. घर विकायचे त्याच्या मनात होते. फोनवर म्हणाला, "तू माझी आई आहेस की तिची?" मी म्हटले, "तुझी आहे, म्हणूनच तुला तोंडावर सांगतेय. घर तुला नाही." त्याने या घरावर दावा सांगू नये आणि तिला एका शब्दाने दुखवू नये.

६. सुनेस. घटस्फोटानंतरही ती माझ्याजवळच राहते, पण तिच्या खोलीत दोन बॅगा कायम भरलेल्या असतात. मी गेले की आपल्याला निघावे लागेल, असे ती धरून चालली आहे. त्या तिने रिकाम्या कराव्यात. पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच, नव्या जावयाला माझी खुर्ची चालेल.

आणखी एक. घटस्फोटाचे कागद येईपर्यंत ती मला घरी आई म्हणायची. त्यानंतर घरातही मॅडम म्हणू लागली. काळजीत काडीचाही फरक नाही, पण प्रत्येक वेळी मला लागते. तिने मला पुन्हा आई म्हणावे. ही अट नाही. नाही म्हटले तरी घर तिचेच. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, आणि तेव्हा मला हाक ऐकू येणार नाही. म्हणून वकिलांना सांगितले आहे, बाकीचे नंतर वाचा. एवढे कलम तिला आज संध्याकाळी, ती घरी आली की, वाचून दाखवा. मी शेजारच्याच खोलीत बसलेली असेन.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरबाई (सही)
साक्षीदार: प्रयोगशाळेचे निवृत्त इलेक्ट्रिशियन (सही)
स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: चौदा मार्च, दुपार