नरसूचं बोट

८ नोव्हेंबर १९७६, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. जानेवारीत मुलींच्या शाळांचे फुटबॉलचे सामने ठेवलेत म्हणे. चारच शाळा. "आपण कशाला त्या भानगडीत पडायचं? तुम्ही आपलं लेझीम बसवा." अकरा वर्षं लेझीमच बसवतेय. तोंडातून निघून गेलं, "देऊया की नाव." आता निस्तरा.
कपाटात दोन बॉल. एकातली हवा जाते.

११ नोव्हें.
तेरा पोरी आल्या. सगळ्या विडी वळणाऱ्या घरच्या, निम्म्या अनवाणी. नववीतली नरसम्मा (पोरी नरसू म्हणतात) मांडीवर सूप घेऊन कडेला विड्या वळत बसली. म्हटलं, हे काय गं? "आई म्हणली, वळत वळत बघ." बघत होती बॉलकडे. बोटं आपली चालूच, पान, तंबाखू, गुंडाळी, दोरा. खाली एकदा बघेल तर शपथ.
डोक्यात आलं, ही गोलात उभी करायची. या बोटांतून बॉल सुटायचा नाही. स्वतःच्या हुशारीवर दिवसभर खूश.

१३ नोव्हें.
नरसूच्या घरी गेले. बाप मागावर कामाला गेलेला, आई राजम्मा दारात विड्या वळत. चहा दिला, हात थांबवले नाहीत.
"अर्धा तास म्हणताव, अर्ध्या तासात किती विड्या होतात ठाऊक हाय का ओ बाई?"
मी बोलत सुटले. तब्येत, धीटपणा, जग बघणं, काय काय. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्यात पोरगी द्यायची तर हात बघतात. तोंड कोण बघायलंय?"
म्हटलं, हाताला काही होणार नाही. मी आहे ना.
पाठवते म्हणाली. सूप घरी ठेवून.

२ डिसेंबर
मुकी वाटायची ती नरसू आज मैदानभर ओरडत होती. "ए सुटलीस की बे! मागं ये!" शेजारच्या दवाखान्यातले लोक खिडकीत आले.
आणखी एक. विडी कारखान्यात माल तपासणारा दर वेळी हिच्या दोन-चार जुड्या वाईट म्हणून बाजूला टाकायचा. काल ही म्हणाली, "परत बघा." त्यानं डोळे वटारले. ही जागची हललीच नाही. शेवटी घेतल्या त्यानं! मला सांगताना नुसती फुलली होती. आई मात्र घाबरली, पोरगी उलटून बोलायली म्हणून.
घरी येताना नव्या पेठेतल्या भावाच्या, अण्णाच्या, कापडदुकानातून उरलेले तागे आणले. पोरींचे सदरे होतील. अण्णा म्हणतो, तू लग्न केलं असतंस तर एवढा उपद्व्याप कमी झाला असता.

२० डिसें.
कदम सर (मुलांच्या शाळेचे पी. टी.) सरावाला येऊन उभे. "काय बाई, भोंडला जोरात!" बरोबरचे दोघे खिदळले. मी हसण्यावारी नेलं. मनात म्हटलं, थांब मेल्या.
त्यानंतर पोरींना अर्धा तास जास्त पळवलं. त्यांचा काय दोष होता?

५ जानेवारी १९७७
जिंकलो! २–१. नरसूनं तीन अडवले. शनिवारी फायनल. कदम सरांच्या नात्यातल्या बाईंच्या शाळेशीच, म्हणजे ते येणारच बघायला.

७ जाने.
सराव हलका. नरसूचं उजवं बोट, अंगठ्याजवळचं, परवाच्या सामन्यात मुरगळलंय. शेजारच्या बोटाशी पट्टीनं बांधून दिलं. काही नाही, होईल बरं.

८ जाने.
१–०. जिंकलो. पोरींनी मला उचलायचा प्रयत्न केला, आपटलेच. क. सर हात मिळवायला आले. चेहरा बघण्यासारखा होता.
शेवटच्या मिनिटाला नरसूनं बॉल अडवला तो त्याच हातानं. ती उठली नाही पटकन.

१० जाने.
आज तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही दिवस हळद लावून बसली होती घरी. फोटो काढला. हाड दोन ठिकाणी मोडलंय. डॉ. म्हणाले, "एक मोड जुना आहे, चारपाच दिवसांचा. तेव्हाच आणलं असतं तर काही नव्हतं. आता हे बोट पुरतं वाकणार नाही."
राजम्मानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फायनलमध्ये लागलं. कुणाच्या हातात नव्हतं हो."
सात तारखेचं वर लिहिलंय ते खोटं आहे. मुरगळलं नव्हतं. मी दाबून बघितलं तेव्हा तिनं श्वास ओढला आणि आत काहीतरी सरकलं. कोल्हापूरला ट्रेनिंगला असताना माझंच बोट मोडलं होतं, मला चांगलं कळतं ते. ती म्हणाली, "बाई, लई दुखायलंय." मी म्हटलं, "एवढ्याला रडतात होय?" बदलीची पोरगी बॉल आला की डोळे मिटते. आणि क. सर बघायला येणार होते. एवढंच कारण. दुसरं शोधून सापडत नाही.
वहीशीसुद्धा खोटं बोलले मी.

१२ जाने.
ऐकलं ते वाईट. घरी नरसूनं सांगितलं, "बाई नको म्हणत होत्या. मीच हट्ट करून खेळले." बापानं मारलं तिला.
आज राजम्मा शाळेत आली. मला वाटलं, आता सुनावणार. तर हात जोडून उभी. "माझी पोरगी हट्टी हाय ओ. तुमचं नाव खराब केली." मोठ्या बाई शेजारीच. मी "असू दे, असू दे" म्हटलं.
असू दे! माझी जीभ झडली कशी नाही?

१५ जाने.
गड्ड्याच्या जत्रेची गर्दी. वहिनी ओढून घेऊन गेली. पाळण्यांपाशी नरसू दिसली, हात गळ्यात अडकवलेला. पळत आली. म्हटलं, माझ्यासाठी खोटं का बोललीस गं? तर म्हणे, "तुमचं नाव सांगितलं असतं तर बाकीच्या पोरींना पण खेळायला सोडले नसते की."
पंधरा वर्षांची आहे. मी छत्तीस.

२९ जाने.
पुण्याहून पत्र. मेमध्ये मुलींचं शिबिर, आमच्या गावातून दोन नावं, त्यात नरसम्मा, गोलरक्षक. मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. तोपर्यंत हाड जुळेल, क. सर म्हणतात. ताठ बोटानं गोल अडवता येतो. विडी वळता येत नाही.
पालकांची सही हवी. १५ फेब्रुवारीच्या आत.

६ फेब्रुवारी, रविवार
नरसूला बघायला आज माणसं आली होती. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. मुलाच्या मावशीनं पोरीपुढे सूप सरकवलं. ही बसली. पान कातरलं, भरलं, गुंडाळताना बोट आडवं यायलं. मावशी म्हणाली, "राहू दे बाळ." चहा न घेता उठले.
मैत्रीण म्हणते, बरंच झालं, नरसूला नकोच होतं. असेल. पण नकार तिनं द्यायचा होता, तिच्या बोटानं नाही.

९ फेब्रु.
राजम्मा फॉर्म घेऊन आली. कोरा. "वाचता येत न्हाई मला. पुण्याला पाठवू का नको, तुमी सांगाल तसं. तुमी खोटं सांगणार न्हाई."
म्हटलं, फॉर्म ठेवून जा, दोन-चार दिवसांनी सांगते.
अण्णाला सगळं बोलले. पहिल्यांदाच. तो म्हणतो, "अगं, आता सांगून कुणाचं भलं? खरं कळलं तर ती बाई पोरीला दाराबाहेर सोडणार नाही. तुझं मन हलकं होईल, पोरीचं पुणं जाईल." दुकानदाराचा हिशेब, पण चूक काढता येईना.
नरसूही मधल्या सुट्टीत आली. "सांगू नका बाई. पाया पडते."
म्हणजे तिच्यासाठी गप्प बसायचं? का माझ्यासाठी, आणि नाव तिचं? अण्णापाशीच कळायला हवं होतं. त्याचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं होतं.

१४ फेब्रु., सोमवार
शाळा सुटल्यावर गेले. राजम्मा दारातच. नरसू आत भाकरी करत होती, डाव्या हातानं थापत. फॉर्म मी पर्समधून काढलाच नाही. आधी सांगितलं. सात तारखेचं सगळं. मला मोडलेलं कळलं होतं, मी पट्टी बांधली, मला जिंकायचं होतं. आतला थापण्याचा आवाज थांबला.
राजम्मा वळत राहिली. एक विडी, दुसरी, तिसरी. मला वाटलं तिला मराठी कळलं नाही. मग म्हणाली,
"पोरगीनं मार खाल्ली तुमच्यासाठी. हे तुमी शिकवलाव?"
नरसू बाहेर आली, आईशी तेलुगूत जोरजोरात काहीतरी. आईनं तिच्याकडे बघितलंही नाही. मांडीवरचं सूप उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.
"वळा."
वळल्या. तासाभरात अकरा. एक सैल, एकीतून तंबाखू गळतोय, दोऱ्याला गाठ बसेना. राजम्मानं एकेक उचलून बघितली आणि सोडवली. परत पान माझ्या हातात. नरसू उंबऱ्यावर बसून बघत होती. एकदा न राहवून म्हणाली, "बाई, अंगठा खाली." आईनं तिला आत पाठवलं.
निघताना फॉर्म पुढे केला. उद्या शेवटचा दिवस, एवढंच म्हटलं. तिनं घेतला, घडी करून पानांच्या टोपलीखाली सरकवला. हो नाही, नको नाही.
"उद्या साडेपाचला या," म्हणाली. "तिच्या वाट्याच्या विड्या वळायच्या हायत."