चाळीस सह्या

तीर्थरूप नानांना,
पुतणीचा नमस्कार.

तुम्हाला डाळमिलमधून काढलं, असं आई फोनवर म्हणाली. का काढलं, ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे.

एमबीएला एचआर घेतलं, तेव्हा प्रोजेक्टसाठी जळगावात तुमच्याच ओळखीनं मिल मिळाली. कामगार समाधानी आहेत का, याचे फॉर्म मी वाटले. नाव लिहू नका, असं सगळ्यांना बजावलं. तरी चाळीसच्या चाळीस फॉर्मांखाली सह्या आल्या. मी चिडले, तर तुम्ही हसून म्हणालात, "बिनसहीना कागद कोन वाचस, बेटा?" तुम्ही तर गावासकट पूर्ण नाव घातलं होतं. वर लिहिलं होतं, धुळीनं खोकला जात नाही, मास्क मागितला तर साहेब हसतात.

मॅनेजरनं फॉर्म बघायला मागितले. सह्यांच्या पट्ट्या कापायला अर्धा तास लागला असता. पण मी दमले होते, नाना. प्रमाणपत्रावर शिक्का घेऊन अमळनेरची बस गाठायची होती. गठ्ठा तसाच दिला.

परवा तोंडी परीक्षा झाली. "कामगारांची नावं गुप्त कशी ठेवलीस?" सरांनी विचारलं. मी पुस्तकातलं उत्तर दिलं. पैकीच्या पैकी गुण मिळाले.

तुमचा खोकला कसा आहे, हे विचारायचं होतं. हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. दरवेळी इथवर येते आणि सहीपाशी हात थांबतो.

तुमची,