अकरा नंबरचा बोल्ट

आबा,

नाही, चूक माझी एकट्याची नाही. अर्धी तुमची आहे, आणि आज ती मी तुमच्या पदरात घालणारच! उसाच्या चरकाच्या खांबाला पाचर ठोकताना दर वेळी काय म्हणायचात? "सैल दिसनं का आवळ रे, इचारत काय बठस?" आवळलं आबा. एवढा समुद्र ओलांडून आलो तरी हाताची सवय गेली नाही. न विचारता आवळलं, आणि काय होऊन बसलं ते आता ऐका.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, ठाऊक आहे मला. भाऊचं पत्र परवा आलं. तुम्ही जाऊन सव्वा महिना झाला होता. तुमचं दहावं-तेरावं उरकलं तेव्हा मी इथं नळ्या पुसत होतो, हसत होतो, जेवत होतो! भाऊच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायची. 'आबा विचारतात, आता तरी एका जागी आहेस का?' परवाच्या पत्रात ती ओळ नव्हती. मी तिला कधी उत्तर दिलं नाही. उगाच राग यायचा. आज ते उत्तर लिहायला बसलोय, तर बसवत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून बाहेर चक्कर मारून आलो.

माझं काम तुम्हाला कोणी धड सांगितलंच नसेल. भाऊला मी 'चुंबकाच्या कारखान्यात आहे' एवढंच लिहिलं होतं. तो बिचारा काय वाचून दाखवणार? आता मीच सांगतो.

इटली देशात एक टेकडी आहे, भोवती द्राक्षांचे मळे. टेकडीवर एक मोठं गोल दालन. त्यात पोलादी नळीचं कडं, चालत फेरी मारायला दीड-दोन मिनिटं लागतात एवढं. नळीतली हवा पंपानं काढून टाकलेली. आत सोडतात विजेचे कण, डोळ्याला न दिसणारे. त्यांचा झोत तासन्‌तास त्या नळीत फिरत ठेवायचा असतो. कशासाठी? ते मलाही नीट कळत नाही आबा, शिकलेल्या माणसांना कळतं. पण फिरणं कळतं. आपला ढवळ्या दांड्याला जुंपलेला असायचा म्हणून चरकाभोवती फिरायचा ना, तसं या झोताला नळीवर बसवलेले मोठे मोठे चुंबक वळवत नेतात. फक्त त्यानं नळीच्या मधोमध जायला पाहिजे. बाजूला सरकला, भिंतीला लागला की मेला. इथं असंच म्हणतात, झोत मेला.

तो कुठून जातोय ते ओळखायला नळीत जागोजागी पत्र्याच्या टिकल्या आहेत. त्यांची खबर तारेनं बाहेर येते. आमचे मोठे साहेब, त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात (दवाखान्यातले नाहीत हो!), चौकटीच्या कागदावर प्रत्येक टिकलीचा एक ठिपका मांडतात. सगळे ठिपके मधल्या रेघेवर आले तर झोत मधोमध. वर-खाली सापासारखे गेले तर कुठेतरी चुंबक सरकलाय. मग झोत बंद करायचा, आत जायचं, चुंबक केसभर ढकलायचा. ढकलणारा मी. माझ्यावर साल्वो नावाचा म्हातारा फिटर. बोलतो त्याच्या भाषेत, पण तोंड इतकं आपल्याकडचं आहे की मला ते अहिराणीतच ऐकू येतं. तुमच्यासाठी तसंच लिहितो.

चुंबकाला बाजूनं ढकलायला बोल्ट असतो. मापून जागेवर बसवला की तो बोल्ट मागं घेऊन मुद्दाम सैल सोडायचा. उन्हानं लोखंड फुगतं, तेव्हा टेकलेला बोल्ट चुंबकाला रेटतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. झाडलोट करताना अकरा नंबरच्या चुंबकाचा बोल्ट बोटानं फिरताना दिसला. वाटलं, साल्वो म्हातारा झाला, विसरला. पाना घेतला, एक फेरी आणि वर थोडं, दिलं आवळून! बरं वाटलं आबा. तुम्ही पाहत असता तर बोलला नसता, पण मान हलवली असती.

दुसऱ्या दिवसापासून झोत टिकेना. तीन-चार तास राहणारा, दहा मिनिटांत मरायचा. कागदावर ठिपक्यांचा साप झाला. सगळ्यात मोठी उसळी पार समोरच्या बाजूला, तीन नंबरपाशी. म्हणून सगळे तीनला धरून बसले. मापायची दुर्बीण लावली, तीनला मापलं, चारला मापलं, दुसऱ्यांदा मापलं. मी दिवा धरून उभा. मला तर आठवत होतं, ढवळ्या चिंचेपाशी बाहेर ओढायचा आणि मी त्याला चाबूक दाखवायचो, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "त्याले काय मारस? खांब पल्याड कढईकडे कलेल शे, तो पाह्य." म्हणजे मला कळत होतं! दिवा हातात धरून आठ दिवस मला कळत होतं, आणि मी गप्प.

का गप्प? कागदपत्रं कच्ची. जहाजावरून आजारी म्हणून उतरलेला माणूस मी, ठेकेदाराच्या मेहेरबानीवर. काढलं तर जायचं कुठं?

शेवटी काय केलं, सगळे जेवायला गेले तेव्हा आत जाऊन अकराचा बोल्ट पुन्हा सैल केला. म्हटलं झालं, फिटलं. संध्याकाळी झोत सोडला. दहा मिनिटं, मेला! अहो, बोल्ट ढकलतो फक्त, ओढत नाही. सैल केला म्हणून चुंबक मागं थोडाच येतो? त्याला पलीकडून मापून ढकलावं लागतं, आणि ते दुर्बीण लावून चार माणसांनी करायचं काम.

साल्वोनं मला तिथून बाहेर येताना पाहिलं होतं. घाबरून त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गप बठ. कोनले बी समजनार नई. आठ दिनमा त्या सोता अकरावर येतीन."

"आनि तवपर्यंत?"

"तवपर्यंत दिवा धर, गाढवा!"

मी मात्र बोचकं बांधलं. जिनोव्हा बंदरात ओळखीचा एक खलाशी आहे, त्याच्याकडे निघायचं ठरवलं. पळायचं म्हणजे मला सोपं. तुमच्यापासून पळालो, जहाजावरून उतरलो तो परत चढलो नाही.

घर सोडलं त्या दिवशी तुम्ही बैलामागं चल म्हणालात, आणि मी कासरा टाकून दिला. "हाई काय जिनं शे, गोल गोल?" तुम्ही ओरडलात, "जाय! चार दिनमा परत येशी!" बांधापाशी मी वळून पाहिलं, तुम्ही कढईवर होतात, हातात मळी काढायचा झारा. रस उकळीला आला होता, सोडून आला असता तर सगळा करपला असता. म्हणून आला नाहीत, की यायचंच नव्हतं? आबा, एवढं एक विचारायचं राहिलं. इतकी वर्षं मी दोन्ही उत्तरं आलटून पालटून धरतो. राग आला की एक, आठवण आली की दुसरं.

बोचकं खाटेखाली होतं आणि सकाळी भाऊचं पत्र आलं. वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, मग उलटून मागची बाजू पाहिली. ती ओळ कुठंच नव्हती.

पत्र खिशात घालून मी तसाच डॉक्टरांच्या खोलीत गेलो. ते कागदावर वाकले होते. मी म्हटलं, "तीन नाही. अकरा. मी आवळला."

त्यांनी मान वर केली. "किती?"

"एक फेरी आणि थोडं."

"कोणत्या बाजूनं?"

"आतल्या."

ओरडले नाहीत आबा. ओरडले असते तर बरं झालं असतं. पेन्सिल घेतली, बराच वेळ आकडे मांडले, त्यातून दुसऱ्या कागदावर एक साप काढला आणि आमच्या सापावर ठेवून खिडकीला धरला. तंतोतंत! मग म्हणाले, "आठ दिवस, मुला. आठ दिवस." बस, एवढंच. ते मला अजून टोचतंय.

काल अकरा जागेवर बसवला. दुर्बिणीत डॉक्टर, पाना माझ्याच हातात दिला. "आता मी सांगेन तेवढाच." पाव फेरी. थांब. आणखी जरा. थांब. दुपारी झोत सोडला तर ठिपके रेघेवर ओळीनं बसले. नळीला एक काचेची खिडकी आहे, वळताना झोत जो उजेड टाकतो तो त्यातून आरशावर पडून बाहेर दिसतो. साल्वोनं मला मानेला धरून तिथं उभं केलं. "पाह्य, तुन्हा बाप!" असा त्याचा विनोद. त्याला तुमचं काही माहीत नव्हतं. निळसर, ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड, जागचा हलत नव्हता. मी तीन तास पाहिला. मध्ये एकदाही तिथून हललो नाही, हे खरं सांगतो.

माय, भाऊ तुला हे वाचून दाखवील तेव्हा रडू नको.

आबा, तुमच्या ओळीचं उत्तर: सध्या आहे. पुढचं सांगत नाही, पाय अजून तसेच आहेत. पण शब्द देतो की जिथून निघेन तिथून सांगून निघेन, आणि गुळाच्या हंगामात घरी येईन तो दिवसाउजेडी, गावातून, सगळ्यांच्या देखत. कढईवर मी बसेन. भाऊला म्हणा, झारा कोणाला देऊ नको.

तुमचा धाकला,
भटू

ता. क. न विचारता हात लावला म्हणून ठेकेदारानं पंधरा दिवसांची रोजी कापली. बरोबर केलं. म्हणून या खेपेला नेहमीचे दीडशे नाहीत. मायच्या नावानं पाठवतो आहे, रुपये सत्तर.