क्षमेवर दहा मिनिटं

९ मार्च, रविवार. दुपारी २
आज चर्चमध्ये पाळक साहेबांनी उत्तम शुक्रवारची यादी वाचली. क्रुसावरचे सात उद्गार, सात वक्ते, प्रत्येकी दहा मिनिटं. मला पाचवा दिला. तहानेचा! उदगीरच्या एप्रिलमध्ये तहानेवर दहा मिनिटं बोलायची काय गरज? लोक उठून माठाकडं जातील.
आणि पहिला, क्षमेचा, कुणाला? व्यंकटीला.
व्यंकटी म्हणजे माझा पहिलीपासूनचा दोस्त. चर्चची पेटी तोच वाजवतो, नाताळात कॅरोलवाल्यांना घेऊन घरोघर तोच फिरतो. गेल्याच्या गेल्या नाताळात सगळ्यांच्या दारी गेला, माझं घर तेवढं सोडलं. बायको, उज्वला, माहेरी देगलूरला होती. मी एकट्यानं चिवडा केला, पंचवीस कप मांडले, बारापर्यंत खुर्चीत बसून वाट पाहिली. सकाळी कप जिथल्या तिथं. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. माफ मात्र त्याच दिवशी करून टाकलं. मनात काही ठेवायचा माझा स्वभावच नाही.

१० मार्च
पाळक साहेबांना भेटलो. म्हटलं, क्षमेवर बोलायला अनुभव लागतो. व्यंकटीचं आजवर कुणी काही वाकडं केलं नाही, तो काय बोलणार? साहेबांनी विचारलं, तुम्ही कुणाला माफ केलं? म्हटलं, व्यंकटीला. साहेबांना ठसका लागला. बराच वेळ थांबेना. शेवटी म्हणाले, बघू.

१४ मार्च
जिंकलो! व्यंकटीनं स्वतःहून पहिला उद्गार सोडला. म्हणे, शांतवनला द्या, त्याला लई हौस हाय. हौस नाही, पाचारण आहे. असो. त्याचं मन त्याला खात असणार.
दुसरी बातमी. ईस्टर झाला की सोमवारी तो बिऱ्हाड हलवून राहिला. कायमचा. नांदेडला, मुलीकडं. गुणावहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, इथं बघायला कुणी नाही.
उज्वला म्हणाली, पन्नास वर्षांची दोस्ती हाय, जायच्या आधी एकदा बोलून घ्या. म्हटलं, आधी भाषण, मग बोलणं. टॉपिकवरून लक्ष हलता कामा नये.
रात्री जेवण गेलं नाही. वांगी किडकी असावीत.

१५ मार्च, पहाटे ४ (प्रत्यक्षात ७.२०)
संकल्प: रोज चारला उठून गुडघ्यावर प्रार्थना. आज गजर वाजला नसावा. पण देवाला सातही चालतात. पंचायत समितीत तीस वर्षं काढली, तिथं साडेदहाला मस्टर उचलायचे. वर तसं काही नसावं.

२३ मार्च, रविवार
मंडळीतले म्हातारे अमृतराव, त्यांच्या पॅन्टीचे गुडघे प्रार्थना करून करून पांढरे पडलेत. सगळ्यांना दिसतात. माझे कोरे करकरीत. मी आतून किती प्रार्थना करतो ते लोकांना कळणार कसं?

२४ मार्च
पॅन्टीचे गुडघे दगडावर घासले, अर्धा तास. डावा जास्त गेला. भोक. उज्वलानं विचारलं, काय करून राहिलात? म्हटलं, तयारी. तिनं ठिगळ लावून दिलं. पॅन्ट तपकिरी, ठिगळ निळं. दुसरं कापड नव्हतं म्हणे.

२ एप्रिल
बायबलला नवं चेनचं कव्हर घेतलं. लाल पेननं ओळी अधोरेखित केल्या, एकशे चाळीस पानं. बाजूच्या बाकावरूनही लाल दिसलं पाहिजे. हात भरून आला. वाचायचं उद्या.
दुपारी उज्वला घरात नव्हती. व्यंकटीकडं गेली होती, भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन. गुणावहिनींना चुलीपाशी उभं राहवत नाही म्हणून महिनाभर रोज जाते म्हणे! मला पत्ता नाही. म्हटलं, मी इथं क्षमेवर मरमर मरून राहिलो आणि तू खुशाल तिकडं? तर विचारते, उद्या डबा धरायला येता का? खामखा विषय बदलते.

८ एप्रिल
भाषण तयार. व्यंकटीचं नाव कुठंही घेतलेलं नाही, एवढं मोठं मन आहे आपलं. फक्त ‘एक टकला मित्र, पेटी वाजवणारा, पाण्याच्या टाकीजवळ राहणारा, लवकरच नांदेडला जाणारा’. उज्वलानं वाचलं. म्हणाली, आधार नंबर तेवढा राहिला.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
मिरवणुकीत सगळ्यात मोठी झावळी माझी. फाटकाशी व्यंकटी समोर आला. हसला, हात पुढं केला. मी डोळे मिटून प्रार्थनेत गेलो आणि तसाच चालत राहिलो. खांब लागला. कपाळाला टेंगूळ, झावळीचे दोन तुकडे. बर्फ व्यंकटीनंच आणला. मी तो उज्वलाच्या हातून घेतला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार. संध्याकाळ
लिहू नये वाटतंय. लिहितो.
दहाची अठ्ठावीस मिनिटं बोललो. आवाज मस्त लागला होता. त्या रात्री माझ्या दारी कुणी फिरकलं नाही, तरी मी माफ केलं, असं म्हटलं आणि तरुणांच्या बाकावर खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडून राहिलेत. मग बायकांकडूनही. पाळक साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मी आणखी जोर केला. व्यंकटी तेवढा मान खाली घालून बसलेला.
बाहेर आलो तर त्याची मुलगी स्वप्नाली तडक समोर. सामान बांधायला नांदेडहून आलीय. व्यंकटी मागून म्हणत होता, जाऊ दे गं, सोड. तिनं ऐकलं नाही. मोबाईल काढला.
व्हिडिओ. तारीख तीच. दार माझंच. सगळे कॅरोलवाले दारात उभे, कडी वाजवून राहिलेत, शांतवनभाऊ, ओ शांतवनभाऊ, अशा हाका मारून राहिलेत. आतून घोरणं. माझं. चार गाणी झाली. तिसऱ्याला व्यंकटीनं सूर बदलून माझ्या घोरण्याशी जुळवून घेतला. कुणीतरी म्हणालं, खिडकीवर खडा मारू का? तर व्यंकटी म्हणतो, नको, झोपू दे, एकटाच हाय, दमला असंल. मग केकची पुडी कडीला अडकवून गेले.
केक आठवला. सकाळी मीच खाल्ला होता. दूधवाल्यानं ठेवला समजून त्याला थँक्यूसुद्धा म्हटलं होतं.
मंडळीत सगळ्यांनी पाहिलाय हा व्हिडिओ. सोळा महिने माझ्यापाशी कुणी चकार शब्द काढला नाही. व्यंकटीची ताकीद होती म्हणे, त्याला दाखवू नका, लाज वाटंल त्याला. उज्वलालाही माहीत होतं. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशीबी बोलला नसता.
लाज वाटली. लई वाटली.

१९ एप्रिल
माफीचा मजकूर तयार केला, तीन पानं. सुरुवात: ‘वास्तविक पाहता घोरणं माणसाच्या हातात नसतं.’ उज्वला म्हणाली, दोन शब्दांचं काम, तीन पानं कशाला? म्हटलं, पार्श्वभूमी द्यावी लागते.

२० एप्रिल, ईस्टर
खांबामागं बसलो. व्यंकटीनं शेवटची पेटी वाजवली. गर्दी फार होती, बोलणं बरं दिसलं नसतं. उद्या सकाळी नक्की.

२१ एप्रिल, सोमवार
गेलो. दारात टेम्पो उभा. पानं काढून घसा साफ केला तर व्यंकटी म्हणाला, बरं झालं आलास, कपाट धर. धरलं. मग पलंग, शिलाई मशीन, कोठी, दोन गॅस. उन्हानं जीव चालला होता. शेवटी आरसा. तो हलायला लागला तसं त्यानं माझ्या हातातली पानं घेतली, घडी करून काचेखाली दाबली, बघितलंसुद्धा नाही. म्हणे, झ्याक बसलं.
माझं ‘वास्तविक पाहता’ आरशाखाली गेलं. तोंडी म्हणायचे दोन शब्द तेवढे उरले.
गुणावहिनी पुढं बसल्या. व्यंकटीनं खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, येत जा रे नांदेडला. मी काहीतरी पुटपुटलो. टेम्पो चालू झालेला. तो ओरडला, काय म्हनलास? मी ओरडलो, काही नाही, नीट जा!
टेम्पो कोपऱ्यावरून वळला आणि मग मला कंठ फुटला. भर रस्त्यात दोन्ही हात वर करून ओरडलो, माफ कर रे!
समोरच्या किराणा दुकानातला महांतेश धावत बाहेर आला. म्हणाला, केलं मालक, केलं माफ, पण झालं काय?
काय सांगणार त्याला? त्यानं स्टूल दिलं. मी त्यावर बसून रडलो, पंधरा मिनिटं. मग त्यानं विचारलं, काय देऊ? दुकानात बसून काहीच नको म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून पाव किलो साखर घेतली. घरी साखर होती.