दुसरा द्रोण

माय,

परवा तुझ्या नातीनं जेवता जेवता विचारलं, "आई, तुझा बाबा कोण होता?" बारा वर्षांची झाली आहे, शाळेतून वंशावळ काढून आणायला सांगितली आहे. माझ्या बाजूला एकच चौकोन भरलेला, तुझा. शेजारचा रिकामा. मी म्हटलं, आधी भात खा, मग सांगते. तेव्हापासून पोरगी वाट पाहून राहिली होती आणि मी तुझ्यावर चिडून बसले होते.

नवं खायचा दिवस तुला आठवत असेल. नव्या धानाचा पहिला भात देवाला दाखवल्याशिवाय आपल्याकडे कोणी घास घेत नाही. घरागणिक एक द्रोण, डोंगराच्या पायथ्याशी, मोहाच्या झाडाखाली. तुझे मात्र दोन. "एक देव म्हणून, एक तुया बाप म्हणून," म्हणायचीस. चुलीत लाकूड सारत तू सांगत असतेस, डोंगरावरच्या देवांनी शपथ घेतली होती, माणसाच्या बाईपासून लेकरू होऊ द्यायचं नाही. मी विचारते, "काऊन?" तू म्हणतेस, "माणसाचं लेकरू मरते. देव मरत नाई. मंग तो जलमभर रडत बसते." "मंग माया बापानं काऊन मोडली?" तू चुलीवरच्या गंजातला भात उगाच ढवळत राहतेस. "एकटा पडला असन. वर कोण बोलते त्याच्यासंग?" घरी का येत नाही, तर बाकीचे देव त्याला उतरू देत नाहीत. माझा सगळा विश्वास होता, माय.

मग गुरुजींनी वर्गात बापाचं नाव विचारलं आणि मी उभी राहून सांगितलं, डोंगरावरचा देव. वर्ग हसला, गुरुजी हजेरीबुकाआड हसले, आणि एका मोठ्या पोरीनं गाव तुझ्याबद्दल काय बोलतं ते मला ऐकवलं. त्याच दिवशी घरी नवं होतं. मी दुसरा द्रोण उचलला आणि अंगणात फेकला. "माया बाप देव नाई. तू खोटी हायेस." तू मारलं नाहीस. मातीतली शितं वेचलीस, धुतलीस आणि एकटीनं खाल्लीस. तुझ्या दाताखाली वाळू कचकचत होती, ती मला ऐकू येत होती. पुढच्या वर्षीपासून द्रोण एकच. गोष्टही पुन्हा निघाली नाही. दोन रट्टे दिले असतेस तर मला सोपं गेलं असतं. मी तेव्हा मनाशी शपथ घेतली, ही गोष्ट माझ्या लेकराच्या कानावर पडू देणार नाही.

काल ती मोडली. नवं शिजत होतं, पोरगी चुलीपाशी येऊन बसली, आणि मी सगळं सांगितलं, देव, शपथ, एकटेपणा. ती हसली नाही. म्हणाली, "आणि आजी किती रडली?" मला हे कधी सुचलंच नव्हतं. मग तिनं विचारलं, "पण खरं नाव?" मी म्हटलं, तुझ्या आजीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सगळ्यांना हेच सांगत आले आहे. नवऱ्यालासुद्धा. तालुक्याच्या दवाखान्यातली ती दुपार मी कोणाला सांगितली नाही. तू माझं मनगट धरलंस. "जवळ ये. आता नाव सांगून देऊ काय?" मी म्हटलं, थांब, पाणी आणते. बाहेर नळाखाली बाटली भरली, वाहायला लागली, तरी मी उभीच. परत आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलं होतंस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

काल मोहाखाली मी दोन द्रोण ठेवून आले. हा कागद पोरीच्या हाती लागायच्या आत चुलीत जाईल. तू कुण्या माणसाचं नाव घेतलं असतंस, तर डोंगरावर माझं कोणीच उरलं नसतं, म्हणून मी उठले. पाणी तू मागितलंच नव्हतं, माय.