पुलाखालची गर्दी

३ मार्च

चि. बोक्यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ‘नळ कोरडे, नदी आटली, एकटी काय करतेस, कायमची इकडे ये.’ अरे, किती वेळा तेच लिहिशील? पैज लावून शब्द दिलाय ना! खिडकीतून एकही पक्षी दिसेनासा झाला की शिवणाच्या दुकानाला कुलूप लावून येईन.

पण इथं उलटंच चाललंय. नदीचा पुलाखाली एवढासा डोह उरलाय आणि पक्षी मात्र झुंडीनं आलेत! बगळे, पाणकावळे, खंड्या, आणि तो उंच राखी बगळा, ज्याला मी हेडमास्तर म्हणते. ह्यांची दुर्बीण मशीनशेजारीच असते. काल बघण्याच्या नादात एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक चक्रावलं.

पाणी कमी आणि पक्षी जास्त, हे काय गौडबंगाल आहे कोण जाणे. पण पैज मीच जिंकतेय. तुझ्याकडे आहेत काय, तर कबुतरं! त्यांना मी पक्ष्यांत धरत नाही.

लोभ आहेच, वाढव.
अक्का

११ मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

दिवसभर दुकानात लोकांना चष्मे देऊन दिसायला मदत करतो, पण तुझ्या पत्राचं मला काही दिसेना. म्हणून माशांविषयी शिकवणारे एक मास्तर चष्म्याला येतात, त्यांना विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, पाणी संपत आलं की सगळे मासे उरलेल्या डोहात अडकतात, आणि पक्ष्यांना आयतंच खायला मिळतं. म्हणून गर्दी. मासे संपले की पक्षी जातील. हे लिहून कागद फाडला, मग पुन्हा लिहिला. तू यावीस असं वाटतं गं, पण अशी नको. आता ही पैज जिंकायची की हरायची, तेच कळत नाही.

रागावलीस तरी पत्र लिही.
बोक्या

१९ मार्च

चि. बोक्यास आशीर्वाद.

आधी तुला आणि तुझ्या मास्तरांना चार शिव्या दिल्या. मग डोहावर गेले. खिडकी सोडून कधी खाली उतरलेच नव्हते. माशांच्या पाठी पाण्याबाहेर होत्या रे! आणि मी वरून टाळ्या वाजवत होते.

हातवारे करून बगळ्यांना हाकललं. ते उडाले, आणि मला त्यांचीच दया आली. त्यांनी तरी जावं कुठं? परत येऊन बसले तेव्हा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. कुणाची बाजू घेऊ, सांग ना!

गोंधळलेली,
अक्का

२ एप्रिल

चि. बोक्यास आशीर्वाद.

डोहाचा चिखल झाला, चिखलाला भेगा पडल्या. सगळे गेले. एकटे हेडमास्तर तिथंच उभे राहायचे, कोरड्यात, का ते त्यांनाच ठाऊक. मी रोज उठल्याबरोबर दुर्बीण लावायचे. ते दिसले की म्हणायचे, अजून एक आहे, अजून शब्द लागू नाही.

आज ते नाहीत. दुपारपर्यंत बघितलं. मग दुर्बिणीच्या काचा पुसून पुन्हा बघितलं.

मशीन बांधलीय, दुर्बीणही. तुझ्याकडे खिडकीशी मशीनपुरती जागा कर. आणि ऐक, कबुतरांना हाकलू नकोस. मी आल्यावर त्यांना पक्ष्यांत धरीन.

न्यायला ये.
अक्का